दोनेक आठवडे खाद्य बंद होतं, आता चालू करताना किती द्यायचं?

पाणकाठ

नमस्कार मंडळी. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात गिफ्ट तिलापिया (तिलापियाचा वाढीसाठी सुधारलेला वाण) आहे. मध्यंतरी एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) जळाला आणि दुरुस्तीला टाकलेला लवकर हातात आला नाही. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, म्हणून खाद्य पूर्ण बंद केलं. असे दोनेक आठवडे गेले. मर जवळजवळ नाही. आता एअरेटर बसलाय, पाणी २८ अंशांच्या आसपास आहे.

काल जाळं टाकून थोडे मासे मोजले. २० सेंमीचा मासा खाद्य बंद करण्याआधी १६० ग्रॅमच्या घरात भरायचा, तो आता १३६ भरतोय. डोकं मोठं आणि पाठ बारीक दिसते. काठावर माणूस दिसला की सगळे एका कोपऱ्यात धावून येतात आणि पाणी उसळतं. बघवत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या दिवसापासून पोटभर दिलं तर चालेल का? बुडालेली वाढ भरून निघते का? आणि उपाशी ठेवून खाऊ घातलं की मासा उलट जास्त वाढतो असं ऐकलंय, ते खरं असेल तर मुद्दाम अधूनमधून करावं का?

मोठंजाळं

दादा, पोटभर द्या. मासा उपाशी राहिला की नंतर दुप्पट खातो आणि मागची कसर भरून काढतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. भुकेल्या जिवाला मोजून कशाला द्यायचं? दिवसातून दोनदा द्या, खाणं थांबेपर्यंत द्या.

कल्ला_आणि_यकृत

पाणकाठ दादा, आज पोटभर देऊ नका, विनंती आहे. मोठंजाळं दादांनी बघितलंय ते खरंच आहे, मासा खाईल. पण उपाशी माशाची भूक आणि त्याचं आतडं एकाच वेगाने परत येत नाहीत. भूक पहिल्या गोळीला हजर असते, आतड्याला काही दिवस लागतात. तुमचा पहिला आठवडा या मधल्या फरकावर काढायचाय.

मी माशांच्या पोषणावर काम करते, दिवसातला बराच वेळ मासे फाडून आतले अवयव बघण्यात जातो. म्हणून आत काय झालं असेल ते आधी सांगते.

खाद्य थांबलं की मासा पहिल्यांदा यकृतातल्या ग्लायकोजेनला, म्हणजे साठवलेल्या साखरेला, हात घालतो. इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणाऱ्या ग्लुकॅगॉन संप्रेरकाचा जोर वाढतो आणि यकृत अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोज तयार करायला लागतं. त्यामुळे बऱ्याच जातींत रक्तातली साखर फारशी कोसळत नाही, आणि नुसत्या रक्तावरून मासा किती उपाशी आहे याचा नीट अंदाज येत नाही. पाठोपाठ यकृतातली आणि आतड्याभोवतीची चरबी वापरात येते. स्नायूंतलं प्रथिन मासा होता होईल तो राखून ठेवतो, पण ते अगदी अबाधित राहतं असं नाही. दोन आठवड्यांत, तेही २८ अंशांना, पांढरा स्नायू थोडाफार मोडलेला असणारच. तुम्हाला पाठ बारीक दिसतेय ती त्यामुळे. सतत पोहण्याला लागणारा लाल स्नायू मात्र बराच काळ शाबूत राहतो, म्हणून उपाशी मासाही पोहत राहतो.

वजनकाट्याबद्दल एक गोष्ट. माशाच्या अंगातली चरबी जाते तसं पाण्याचं प्रमाण वाढतं. १६० चा १३६ झाला म्हणजे काटा २४ ग्रॅमचीच घट दाखवतो, पण उरलेल्या १३६ मध्ये पाण्याचा वाटा पूर्वीपेक्षा जास्त आहे. खरी झीज काट्यापेक्षा मोठी असते.

आता आतडं. आतड्याच्या आतलं अस्तर शरीराला फार महाग पडतं, त्याच्या पेशी सारख्या बदलाव्या लागतात. खाद्य येत नाही म्हटल्यावर मासा हा खर्च आधी कापतो. अस्तराच्या घड्या आखूड होतात, आतड्याचं वजन घटतं, ट्रिप्सिन आणि अमायलेजसारखी पाचकं कमी होतात. याच वेळी मेंदूत भूक वाढवणारे संदेश, उदाहरणार्थ न्यूरोपेप्टाइड वाय, जोरात असतात. म्हणजे मासा तोंडाने तयार आणि पोटाने नाही. अशा माशाला पोटभर गोळी दिली की तिचा बराच भाग अर्धवट पचून बाहेर पडतो आणि तुमच्याच पाण्यात कुजतो.

दुसरा धोका ऑक्सिजनचा. खाल्ल्यावर पचनासाठी आणि नवं प्रथिन बांधण्यासाठी माशाची ऑक्सिजनची गरज चढते. पोटभर जेवणानंतर ती विश्रांतीच्या दीडपट-दुप्पट होणं नेहमीचं आहे, आणि हा चढ काही तास टिकतो. उपाशी मासा कमी ऑक्सिजनवर भागवत होता, तळ्याने दोन आठवडे हे ओझं पाहिलेलंच नाही. संध्याकाळी दोन जेवणांचं एकदम दिलंत तर ऑक्सिजनची मागणी रात्रीत चढेल आणि पहाटे, तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तेव्हा, तुम्ही परत पहिल्या जागी याल.

मी असं करेन. खाद्याचा हिशोब १६० वर नको, आजच्या १३६ वर करा. हजार मासे धरले तर १३६ किलो. पहिले दोन दिवस त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला साधारण १.३६ किलो, तेही तीन-चार वेळांत वाटून. मग रोज अर्धा टक्का वाढवत सहाव्या दिवशी ३ टक्क्यांवर या. ऊन वर आल्यावर सुरू करा आणि दुपारनंतर लवकर थांबवा. एका कोपऱ्यात टाकू नका, तळ्याच्या सगळ्या बाजूंनी पसरून टाका. तिलापियात दांडगे मासे जागा धरून बसतात. एकाच जागी खाद्य पडलं तर तेच खातात आणि बारके अजून मागे राहतात. उपाशी तळ्यात खाद्य परत सुरू झाल्यावर माशांच्या आकारात जी तफावत पडते, ती बहुतेक वेळा या पहिल्या आठवड्यात पडते.

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते, ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

फिरतंपाणी

ताईंनी तळ्याचं सांगितलं. ज्यांच्याकडे पाणी गाळून परत वापरायची टाकी आहे त्यांनी अजून एक गोष्ट धरा. मासे उपाशी असताना अमोनिया कमी सुटतो, आणि बायोफिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियावरच जगतात. खाद्य बराच काळ बंद राहिलं की फिल्टरचीही ताकद उतरते. एकदम पूर्ण खाद्य दिलं तर जेवणानंतर काही तासांत अमोनिया चढतो आणि फिल्टरला तो पेलवत नाही. मग मागून नायट्राइट येतं, अमोनियापासून बनणारं आणि तेही विषारीच. पहिले काही दिवस दोन्ही रोज मोजा. नायट्राइट चढताना दिसलं तर खाद्य तिथेच थांबवून धरा आणि पाण्यात मीठ घाला, क्लोराइड असलं की कल्ल्यांतून नायट्राइट कमी आत जातं.

कल्ला_आणि_यकृत

फिरतंपाणी दादा, बरोबर. अस्तराच्या तळ्यालाही हे थोडंफार लागू आहे, तिथे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना मातीचा तळ नसतो. अस्तरामुळेच पाणकाठ दादांचे मासे इतके उतरले असावेत. मातीच्या हिरव्या तळ्यात तिलापिया शेवाळ आणि तळातला गाळ चाळून थोडंफार पोट भरतो, तिथे खाद्य बंद म्हणजे पूर्ण उपास नसतो.

आता बुडालेल्या वाढीचं.

उपासात एक विचित्र गोष्ट घडते. रक्तातलं वाढीचं संप्रेरक कमी न होता वाढतं, पण यकृत त्याला दाद देत नाही. त्यामुळे यकृतातून निघणारं आयजीएफ-१, ज्याच्यामुळे प्रत्यक्ष वाढ होते, ते खाली येतं. वाढीचं संप्रेरक तेवढ्या काळात चरबी मोकळी करण्याच्या कामी लागतं. खाद्य परत आलं की यकृत पुन्हा ऐकू लागतं, आयजीएफ-१ चढतं, स्नायू मोडणारी यंत्रणा शांत होते आणि प्रथिन बांधणं जोरात सुरू होतं. त्याला भुकेची जोड मिळते. काही काळ मासा त्याच वजनाच्या नियमित खाणाऱ्या माशापेक्षा वेगाने वाढतो. ही भरपाईची वाढ खरी आहे, पुष्कळ जातींत दिसलेली आहे.

पण किती भरपाई होते हे उपास किती लांबला त्यावर आहे. समुद्राच्या पाण्यात वाढवलेल्या संकरित तिलापियावर २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. एक, दोन आणि चार आठवडे उपाशी ठेवून मग सगळ्यांना चार आठवडे खाऊ घातलं. एक आठवडा उपाशी राहिलेले मासे नियमित खाणाऱ्यांच्या बरोबरीला आले. दोन आणि चार आठवडेवाले वेगाने वाढले, पण मागेच राहिले. तुम्ही दोन आठवड्यांच्या जवळ आहात. बरंचसं परत येईल, पूर्ण येईल असं धरून विक्रीची तारीख ठरवू नका.

आणि मुद्दाम करावं का, याला माझं उत्तर स्पष्टपणे ‘करू नका’ असं आहे. उपासाने जास्त वाढ होते ही तुम्ही ऐकलेली गोष्ट हवेतली नाही. १९९७ मध्ये संकरित सनफिशवर (गोड्या पाण्यातला एक मासा) केलेल्या कामात थोडे दिवस उपास आणि मग भूक ओसरेपर्यंत पोटभर, अशा फेऱ्यांनी वाढ दुपटीपर्यंत गेली होती. ते मासे एकेकटे ठेवलेले होते. त्याच संशोधकांनी २००० साली तेच मासे गटात ठेवून बघितलं तेव्हा तो फायदा टिकला नाही. गटात माशांचा एकमेकांवर दाब असतो, खाद्य सारखं वाटलं जात नाही. तुमच्या तळ्यात एकेक मासा वेगळा नाही. एकट्या माशाचा आकडा तळ्याला लावून बऱ्याच जणांनी पैसा आणि महिने घालवलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाणकाठ

ताई, खूप आभार. आज ऊन चढल्यावर १ टक्का दिलं, चारी बाजूंनी पसरून. मिनिटभरात साफ. माझाच जीव राहत नव्हता, पण थांबलो.

मासा सुधारतोय हे कशावरून ओळखायचं? काट्यावरून का?

कल्ला_आणि_यकृत

पहिला आठवडा तरी काट्यावर विश्वास नको. रिकामं आतडं भरतं, यकृतात ग्लायकोजेन साठतं आणि ग्लायकोजेनबरोबर पाणी येतं. वजन झपाट्याने चढतं आणि माणूस खूष होतो, पण त्यात मांस थोडंच असतं. खाद्य परत मिळाल्यावर यकृत तर काही वेळा कधीच उपाशी न राहिलेल्या माशापेक्षाही मोठं होतं आणि मग हळूहळू जागेवर येतं.

लांबी आणि वजन दोन्ही घ्या. ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंमीमधल्या लांबीचा घन. तुमचा आधीचा मासा २ भरतो, आताचा १.७. लांबी उपासात घटत नाही, म्हणून हा आकडा बोलका आहे. तो परत २ कडे गेला म्हणजे मासा भरला. पण तळ्याची वाढ परत सुरू झाली असं मी तेव्हाच म्हणेन जेव्हा हा आकडा टिकून लांबीही पुढे सरकेल.

आणि शक्य असेल तर एक-दोन मासे फाडून बघा, आज एक आणि आठवड्याने एक. मासा आधी नीट मारा, मग गुदद्वारापासून बारीक कात्रीने पोटाच्या कडेने पुढे या. टोक वर धरा, नाहीतर पित्ताशय फुटतं आणि मग काही दिसत नाही. खात्यापित्या तिलापियात आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पांढरट चरबी बसलेली दिसते. उपाशी माशात तिथे पातळ, जवळजवळ पारदर्शक पडदा उरतो आणि वेटोळी सुटी दिसतात. यकृत लहान आणि गडद असतं. पित्ताशय मात्र फुगलेलं, गर्द हिरवं, कधी काळपट निळं. पचवायला काही नाही म्हणून पित्त आत साचून घट्ट होत जातं. खाणं सुरू झालं की ते रिकामं होतं आणि रंग फिका, पिवळसर होतो. आत काय चाललंय ते इतक्या सरळ सांगणारा दुसरा अवयव माझ्या तरी माहितीत नाही.

बोटुकली

मध्ये बोलते, कारण हा धागा वाचून कुणीतरी पिल्लांवर प्रयोग करेल याची भीती वाटते. हे सगळं मोठ्या माशांचं आहे. पिल्लाच्या अंगात साठा जवळजवळ नसतो आणि ग्रॅममागे त्याचा खर्च मोठ्या माशाच्या कितीतरी पट असतो. नुकतंच बलक संपवलेलं पिल्लू ठरावीक वेळात खाद्याला लागलं नाही, तर एक वेळ अशी येते की त्यानंतर खाद्य समोर असलं तरी त्याला खाता येत नाही. पोहतं, जिवंत दिसतं, पण वाचत नाही. १९६३ मध्ये हेरिंगच्या पिल्लांवर हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. पिल्लांना उपास नकोच. ज्या माशांत मोठी पिल्लं बारक्यांना खातात तिथे तर एका दिवसाच्या भुकेनेही संख्या घटते.

मोठंजाळं

ताई, मी पोटभर म्हणालो ते आमच्या थंड पाण्यातल्या माशांवरून म्हणालो. हिवाळाभर आम्ही फारसं देत नाही आणि वसंतात मासे छान उचल घेतात. मग २८ अंशांत दोन आठवड्यांनी इतका फरक कसा?

कल्ला_आणि_यकृत

तापमानामुळेच, दादा. माशाचं अंग पाण्याच्या तापमानाचं असतं. पाणी १० अंशांनी थंड झालं की खर्च साधारण निम्म्यावर येतो, म्हणून थंड पाण्यात महिन्याचा उपास जेवढं खातो तेवढं उबदार पाण्यात निम्म्याच्या आसपास काळात संपतं. उपासाचे दिवस मोजताना पाण्याचे अंशही सोबत धरल्याशिवाय तुलना होत नाही. जातीचाही फरक आहे. युरोपातली ईल (सापासारखा लांब मासा) अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे निघते तेव्हा खाणं थांबवते, तिचं आतडं आक्रसतं, आणि साठवलेल्या चरबीवर ती हजारो किलोमीटर पोहते. तिच्या जन्मातच तो उपास लिहिलेला आहे. तिलापियाचं तसं नाही. तो दिवसभर थोडं थोडं खाणारा मासा आहे, आतडं अंगाच्या कित्येक पट लांब.

पाणकाठ

आज फाडला ताई. चरबी नाही म्हटलं तरी चालेल, तुम्ही म्हणालात तसा नुसता पडदा. पित्ताशय करंगळीच्या पेराएवढं, काळपट हिरवं. यकृत शोधावं लागलं.

शेवटचा प्रश्न. विक्रीच्या आधी परत एक दिवस उपाशी ठेवायला सांगतात. आधीच एवढं झालंय, मग ते टाळू का?

कल्ला_आणि_यकृत

ते टाळू नका. तो उपास वेगळा आहे, त्यात साठ्याला धक्का लागत नाही, फक्त आतडं रिकामं होतं. भरल्या पोटी मासा हाताळला की ऑक्सिजन जास्त लागतो, अमोनिया सुटतो, वाहतुकीच्या पाण्यात विष्ठा होते आणि मासे वाटेतच दमतात. मांसाची स्वच्छताही त्यावर आहे. २८ अंशांना तिलापियाला साधारण २४ तास पुरतात. थंड पाण्यातल्या सॅल्मन-ट्राउटला जास्त वेळ लागतो, कारण पोट सावकाश रिकामं होतं. लांबवण्यात मात्र काही फायदा नाही, उगाच वजन जातं.

तुम्ही केलेल्या यकृताच्या वर्णनावरून मी बेत थोडा बदलते. १ टक्का दोनऐवजी तीन दिवस ठेवा, मग अर्ध्या टक्क्याने चढा. ३ टक्क्यांवर आल्यावर एक-दोन आठवडे हात थोडा सैल सोडा, वीसेक मिनिटांत जेवढं संपतं तेवढं द्या. भूक जास्त असण्याचा काळ तोच आहे आणि तोवर आतडंही तयार झालेलं असेल, मोठंजाळं दादांचं पोटभर तेव्हा लागू पडेल. खाद्यात प्रथिन कमी करू नका. त्या काळात चरबीचं खाद्य जास्त दिलं तर मासा मांसाआधी पोटातली चरबी भरतो. पहाटेचा ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली दिसला तर त्या दिवशी वाढवू नका, आदल्या दिवसाइतकंच द्या. आठवड्याने दुसरा मासा फाडलात की पित्ताशयाचा रंग इथे नक्की लिहा.